दुपारी दीड ते चारचा ताळेबंद

आमच्या कंपनीचा सांगलीचा डेपो वाचला. तिथले गुंडामामा आहेत तिथेच राहिले. आणि हे सगळं मी, म्हणजे ज्याला दहावीला गणितात अडतीस गुण होते अशा माणसाने, निव्वळ आर्थिक विश्लेषणाच्या बळावर घडवून आणलं.

आता हा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असं समजा. मीही तो लिहिला नाही असं समजतो. कारण कागदोपत्री डेपो अजून वाचलेला नाही, आणि जे कागदावर घडलेलं नाही ते घडलेलं धरायचं नाही, हे गेल्या दोन महिन्यांत मी शिकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. बाकीच्या गोष्टी शिकवल्या जात होत्या तेव्हा मी झोपलो होतो. त्याकडे येतोच.

मी धवल. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाठवणी व्यवस्थापक आहे. आम्ही हळद शिजवायचे कुकर बनवतो आणि शिजवून वाळवलेली हळद घोळून पिवळीधमक करणारे पॉलिश ड्रम बनवतो. माझ्या हाताखाली एक टेम्पो, एक टेम्पोचा ड्रायव्हर आणि एक शिक्का आहे. तिघांपैकी वेळेवर उठतो तो शिक्का.

जानेवारीत मालकांच्या कन्या राजनंदिनी मॅडम संचालक म्हणून रुजू झाल्या. पुण्यात शिकून आलेल्या, स्वभावाने चांगल्या. फक्त बोलताना त्या समोरच्याच्या डोक्याच्या वीतभर वर बघायच्या, जणू तिथे एखादा आलेख टांगलेला आहे आणि तो उतरतो आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांचं परिपत्रक निघालं. प्रत्येक बिगर-वित्त व्यवस्थापकाने मूलभूत आर्थिक विश्लेषण शिकावे, कंपनीच्या एका विभागाचे विश्लेषण करून एकवीस मार्चच्या बैठकीत मांडावे. जो विभाग तोट्यात निघेल तो एकतीस मार्चला बंद करण्यात येईल.

मला विभाग बंद होण्याचं एवढं काही वाटलं नाही. ‘बिगर-वित्त’ हे मात्र लागलं. आमच्याकडे जमिनीच्या मागे ‘बिगर’ लागलं की तिचा भाव चौपट होतो. माणसाच्या मागे लागलं की त्याला शिकवणी लावतात.

चिठ्ठ्या टाकून विभाग वाटले. मला सांगलीचा डेपो आला. आमच्या सुट्या भागांचं ते दुकान. जाळ्या, बेअरिंग, पट्टे तिथे मिळतात, माणूस एकच, गुंडामामा. लेखाविभागाचे प्रमुख गोपाळकृष्ण सर माझ्या हातात एक कागद ठेवून म्हणाले, “हा घ्या तुमचा डेपो.” कागदावर एकच ओळ होती. तोटा, सोळा हजार दोनशे.

“सर, हा आला कसा?”

“वजाबाकी करून.”

“कशातून काय वजा केलं?”

“ते हवं असेल तर अर्ज द्या. नमुना ‘क’मध्ये.”

गोपाळकृष्ण सर आकड्यांच्या बाबतीत फार सोवळ्यातले आहेत. त्यांचे आकडे इतरांनी बघितलेले त्यांना आवडत नाहीत, आणि बघून समजलेले तर मुळीच नाहीत.

घरी आल्यावर मी चूक केली. आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या गोडोलीच्या गल्लीत बातमी पसरली की धवलचं हिशेबाचं कच्चं राहिलं होतं आणि कंपनीने आता त्याला परत शाळेत घातलंय. सकाळी दूध घालायला आलेल्या हरणाबाईंनी मापाकडे बघतच विचारलं, “धवलदादा, नापास झालासा व्हय?” मी म्हटलं, मी व्यवस्थापक आहे, हे वरिष्ठांसाठीचं प्रशिक्षण आहे. त्या म्हणाल्या, “आसूं द्या. आमचा थोरला पन दोनदा बसला हुता.” आणि त्या दिवशी त्यांनी पावशेर दूध फुकट जास्त घातलं. अशी सहानुभूती माणसाला आतून खाते.

शेजारचे सुभेदार जयराज सैन्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आहेत, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते कुंपणापलीकडून म्हणाले, “बॅलन्स शीट मी सांगतो तुला. मागं रसद किती, म्होरं दुश्मन किती. दोन्ही बाजू कागदावर सारख्या दाखवायच्या.”

“आणि खऱ्या किती, काका?”

“खऱ्या कागदावर लिवायच्या न्हाईत. वर गेलं की घाबरत्यात.”

“मग नफा म्हणजे काय?”

“जित्ता परत आला त्यो नफा.”

या विषयावर मला मिळालेली ही आजवरची सर्वांत स्पष्ट व्याख्या आहे. पण सुभेदार व्याख्येवर थांबले नाहीत. अभ्यास पहाटेच होतो असं त्यांचं मत असल्याने दुसऱ्या दिवसापासून ते पाच वाजता माझ्या खिडकीखाली शिट्टी वाजवू लागले. मी उठायचो. सगळी गल्ली उठायची. दोन घरांतली मुलं त्यामुळे अभ्यासाला बसू लागली आणि त्यांच्या आया मला दुवा देऊ लागल्या. मी मात्र दिवसभर एखाद्या उकडलेल्या हळकुंडासारखा मऊ होऊन हिंडायचो.

अशा अवस्थेत मी अभ्यासक्रम सुरू केला. तो मोबाइलवर होता, बावीस पाठांचा. एक बाई शिकवायच्या. त्यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज, आणि मागे कुठेतरी दूर बासरी. “नमस्कार मित्रांनो,” असं त्या इतक्या मायेने म्हणायच्या की आपण तापाने फणफणलो आहोत आणि कोणीतरी कपाळावर हात ठेवला आहे असं वाटायचं. बरोबर सातव्या मिनिटाला मला झोप लागायची. मी खुर्चीत बसून ऐकलं, उभं राहून ऐकलं, एकदा टेम्पोत पुढच्या सीटवर बसून पाटण रस्त्याच्या खड्ड्यांतून जाताना ऐकलं. सातवं मिनिट चुकलं नाही.

परिणामी माझं ज्ञान विचित्र आकाराचं झालं. बावीसही पाठांची पहिली सात मिनिटं मला तोंडपाठ आहेत. व्याख्या सगळ्या पहिल्या सात मिनिटांत येतात, त्यामुळे कुठलीही व्याख्या विचारा. मालमत्ता म्हणजे काय, देणं म्हणजे काय, घसारा म्हणजे काय. त्यापुढची जी उदाहरणं असतात ती मी ऐकलेली नाहीत. ती मला स्वप्नात पडली.

आणि काय पडली. नवव्या पाठाच्या वेळचं तर मला अजून दिसतं. मी सांगलीच्या घाटावर पायरीवर बसलो आहे. कृष्णा अगदी संथ, दुधावर साय धरावी तशी. डाव्या काठावर देणी पांढरे कपडे घालून ओळीने बसलेली, उजव्या काठावर मालमत्ता. कोणीच कोणाशी बोलत नाही. मधून एक नाव येते, तीत गोपाळकृष्ण सर छत्री उघडून बसले आहेत. नाव एका बाजूला झुकली की ते खिशातून एक आकडा काढून दुसऱ्या बाजूच्या पाण्यात सोडतात. आकडा बुडत नाही. पिवळा होतो आणि तरंगत तरंगत मिरजेकडे जातो. मग त्या बाईंचा आवाज येतो, पाण्यातूनच आल्यासारखा, “मित्रांनो, झोपलेले भागिले जागे. याला म्हणतात निवांतता गुणोत्तर. ते दोनच्या वर असावं.”

मी जागा झालो आणि वहीत लिहून घेतलं. नंतर शंका आली की हे पाठात होतं की स्वप्नात. खात्री करायला नववा पाठ पुन्हा लावला. सातव्या मिनिटाला झोप लागली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी सांगलीला गेलो. एसटीत कराडपर्यंत उभा आणि पुढे एका मोठ्या कलिंगडाशेजारी बसून. डेपो हरिपूरच्या रस्त्याला आहे. पूर्वीचं हळदीचं गोदाम, दगडी भिंती, वर कौलं, खाली शहाबादी फरशी. आणि त्या फरशीखाली जुनं पेव. म्हणजे जमिनीत खणलेलं भलंमोठं रांजणासारखं पोकळ भुयार. त्यात पूर्वी हळद वर्षानुवर्षं ठेवायचे. आता ते रिकामं आहे, तोंडावर दगड घातला आहे. पण हळद गेली तरी वास गेलेला नाही. बाहेर ऊन असं की डांबराला पाय चिकटावा, आणि आत पाऊल टाकलं तर कोणीतरी ओला पंचा मानेवर ठेवल्यासारखं.

गुंडामामा टेबलाशी बसले होते. सत्तावन्न वर्षांचे, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल.

“मामा, मी धवल. साताऱ्याहून. डेपोचं आर्थिक विश्लेषण करायला आलोय.”

“हळू बोला सायेब,” ते म्हणाले. “जेवलासा का?”

“आधी कागद बघू.”

“कागद कुठं पळत्यात? पिठलं-भाकरी हाय. बसा.”

हळू का बोलायचं ते डोळे अंधाराला सरावल्यावर कळलं. टेबलामागे फरशीवर सहा गाद्या होत्या, स्वच्छ चादरी, उशा. पाच गाद्यांवर पाच माणसं झोपली होती. पागोटी शेजारी, चपला भिंतीला टेकवून. एखाद्या मंदिरात असावी तशी शांतता, आणि मधूनच एक घोरणं, तेही लयीत.

“हे कोण?”

“गिऱ्हाईक,” मामा कुजबुजले. “ह्यो आष्ट्याचा, ह्यो म्हैसाळचा. ते दोघं भाऊ हायती, एकमेकांशी बोलत न्हाईत पर झोपत्यात शेजारी. सकाळी यार्डात हळदीचं सौदे हुत्यात. हिशेबपट्टी हातात पडाय संध्याकाळ हुती. मधी माणसानं जायचं कुठं? उनात चहाच्या गाड्यावर बसला तर डोस्कं फिरतंय, घरी जाऊन बायकोवर वरडतोय. मी म्हनलं, ये, पड.”

“आणि तो कोपऱ्यातला?”

“त्यो जतकडचा.”

“जतला हळद होते?”

कोपऱ्यातला माणूस डोळे न उघडता म्हणाला, “हळद कुठली सायेब. आमच्यात प्यायला पानी टँकरनं येतंय. मी मेंढरं इकाय आलतो.”

“मग इथे कशाला?”

“झोपाय.”

“काही विकत घेता का कधी?”

“गेल्या साली ड्रमच्या दोन जाळ्या न्हेल्या. कोकरांना कुंपान केलं. लय भारी जाळी हाय तुमची.” आणि त्याने कूस बदलली.

मी वहीत लिहिलं: ग्राहकवर्ग विविध. मग निवांतता गुणोत्तर काढलं. झोपलेले पाच, जागे मी आणि मामा मिळून दोन. अडीच. पाठात किंवा स्वप्नात, जिथे कुठे होतं तिथे, दोनच्या वर असावं असं म्हटलं होतं. मला बरं वाटलं.

जेवताना मामा म्हणाले, “सायेब, बंद झाला तर मला साताऱ्याला घेनार म्हनं. तुमच्या हाताखाली.”

“हो. तसं पत्र तयार आहे.”

“नोकरीचं एकच साल ऱ्हायलंय माझं.” त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि तसाच ठेवला. “साताऱ्यात मला झोप लागत न्हाई गड्या. दोनदा ऱ्हायलोय मी तिथं. वारा लय बोलतोय तिथला. अन् ही समदी कुठं जातील?”

साहेबाचा एकदम गड्या झालो होतो. व्यवस्थापकाला हे लागायला हवं होतं. लागलं, पण वेगळ्या जागी. मी म्हटलं, बघू काय करता येतं, पाच मिनिटं पाठ टेकतो आणि मग कागद काढू. सहावी गादी रिकामी होती. तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

पुढचं सांगणं अवघड आहे. मी झोपलो नाही, मी खाली उतरलो. गादीतून, फरशीतून, त्या पेवात. आत पिवळा अंधार होता. तिथे कोणालाच कुठे पोचायचं नव्हतं. माझी सगळी प्रलंबित कामं भिंतीला टेकून उभी होती आणि हसत होती, कुत्सितपणे नाही, ओळखीचं हसावं तशी. राजनंदिनी मॅडमसुद्धा होत्या आणि पहिल्यांदाच त्या माझ्या डोक्याच्या वर न बघता माझ्याकडे बघत होत्या. “तोटा किती?” मी विचारलं. “कसला?” त्या म्हणाल्या.

जाग आली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. शेजारी चहाचा कप. जगाबद्दल माझी कसलीही तक्रार उरली नव्हती. मी उठलो, टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, “मामा, एक जाळी द्या.”

“कितीची?”

“कितीचीही.”

मामांनी पाचशे चाळीसची जाळी काढली, बिल केलं, त्यावर वेळ टाकली. मी पैसे दिले, भाव केला नाही. जाळी काखेत घेऊन दारापर्यंत गेलो आणि तिथे थबकलो. मी कंपनीचा माणूस. ही जाळी मीच टेम्पोत घालून इथे पाठवली होती. घरी माझ्याकडे पॉलिश ड्रम नाही, हळद आहे ती डब्यात. आणि मी ती पूर्ण किमतीला विकत घेतली होती.

मागे वळून बघितलं. आष्ट्याचा शेतकरी दोन बेअरिंग घेत होता. न बोलणारे भाऊ एकाच कुकरची चौकशी करत होते, एकमेकांकडे न बघता. भाव कोणीच करत नव्हतं.

“मामा,” मी म्हटलं, “बिलबुकं काढा.”

बिलावर वेळ टाकायला मॅडमच्या वडिलांनी फार पूर्वी सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मामांनी विचारलं नव्हतं, पण वीस वर्षं टाकली होती. चालू वर्षाची बिलं चारशे बारा. त्यातली तीनशे सत्त्याण्णव चार ते सव्वापाच या वेळातली. उरलेल्या पंधरांपैकी चौदा जणांना त्या दिवशी घरून फोन आल्यामुळे लवकर जाग आली होती. पंधरावे मामांचे व्याही. ते झोपलेच नाहीत आणि त्यांनी भाव केला.

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं आर्थिक विश्लेषण. डेपो जाळ्या विकतच नव्हता. डेपो झोप देत होता, आणि झोपेतून उठलेला माणूस जाळी घेत होता.

मग तोटा आला कुठून, हे शोधायला मी नमुना ‘क’ भरला. तो परत आला, कारण डेपोच्या विभागप्रमुखाची सही हवी होती. विभागप्रमुख म्हणजे मामा. कुरिअरने सांगलीला पाठवला, मामांनी सही केली. तो पुन्हा परत आला, कारण मामांनी सही पेन्सिलने केली होती. कानावर तीच होती. तिसऱ्यांदा गोपाळकृष्ण सरांना परत पाठवायला कारण सापडलं नाही, तेव्हा ते दोन दिवस रजेवर गेले. शेवटी खर्चाचा तक्ता आला. भाडं, पगार, वीज, आणि खाली एक ओळ: सहा गाद्या, उशा व चादरी, चोवीस हजार. जुन्या गाद्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून या वर्षी नव्या घेतल्या होत्या.

इथे मला सातव्या पाठाचं पाचवं मिनिट आठवलं. त्या मिनिटाला मी पूर्ण जागा होतो. जी वस्तू एका वर्षापेक्षा जास्त टिकते आणि उत्पन्न मिळवून देते ती खर्चात टाकायची नाही, मालमत्तेत घ्यायची, आणि दर वर्षी थोडा थोडा घसारा लावायचा. गादी पाच वर्षं टिकते. चोवीस हजार भागिले पाच, म्हणजे या वर्षी खर्च फक्त चार हजार आठशे. मी तीन वेळा आकडेमोड केली, चौथ्यांदा आईकडून करून घेतली. तोटा गेला. नफा तीन हजार रुपये.

मी कारखान्याच्या गच्चीवर जाऊन अजिंक्यताऱ्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. तीन हजार रुपयांसाठी कोणी इतका वेळ किल्ल्याकडे बघितलं नसेल.

एकवीस तारखेला बैठक झाली. मी बिलांच्या वेळा मांडल्या, गाद्या मालमत्तेत घेतल्या, नफा दाखवला. तिथेच थांबायला हवं होतं. पण समोर पडदा होता, हातात काठी होती. मी म्हणालो, “शिवाय डेपोचं निवांतता गुणोत्तर अडीच आहे. माझ्या भेटीच्या दिवशी ते दुपारनंतर सहावर गेलं.” मी झोपल्यावर सहा झोपलेले आणि एक जागा, हे मी सांगितलं नाही.

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. निवांतता गुणोत्तर म्हणजे काय, हे विचारण्यासाठी तिथे कोणीतरी एक माणूस असा हवा होता ज्याला ते माहीत नाही हे कबूल करायला लाज वाटणार नाही. आमच्या कारखान्यात असा माणूस भरलेला नाही.

मॅडमनी माझ्या डोक्याच्या वर बघितलं. “हो,” त्या सावकाश म्हणाल्या, “हे आम्हाला तिसऱ्या सेमिस्टरला होतं.”

गोपाळकृष्ण सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “जुनं आहे. पूर्वी आम्ही वापरायचो. मध्यंतरी शासनाने बंद केलं होतं.”

“पण सहा चांगलंच म्हणायचं ना?” मॅडम.

“साखर कारखान्यांचंसुद्धा चारच्या वर जात नसे,” सर म्हणाले.

डेपो राहणार असं ठरलं. मी बसलो. आणि मग सरांनी फाइल मिटता मिटता म्हटलं, “फक्त एक. गाद्या मालमत्तेत घेतल्या तर त्यांचा वापर काय, ते नोंदवावं लागेल. झोपण्यासाठी असं लिहिलं की लेखापरीक्षक विचारणार, दुकानात झोपण्याची सरकारदरबारी काही नोंद आहे का. मला सरकारी शिक्क्याचा एक कागद द्या. कसलाही. एकतीस मार्चच्या आत. नाहीतर गाद्या परत खर्चात.”

गाद्या खर्चात म्हणजे तोटा. तोटा म्हणजे कुलूप. कुलूप म्हणजे मामा साताऱ्यात, वाऱ्याचं ऐकत.

एकोणतीस तारखेला मी सांगलीतल्या एका सरकारी कार्यालयात पहिल्या खिडकीसमोर उभा होतो. आतल्या गृहस्थांनी विचारलं, “झोपणाऱ्यांकडून पैसे घेता?”

“नाही.”

“मग लॉज नाही. पुढची खिडकी.”

दुसऱ्या खिडकीने विचारलं, हे पुण्य मिळावं म्हणून करता का. मी म्हटलं नाही, जाळ्या खपण्यासाठी. मग धर्मशाळाही नाही. तिसऱ्या खिडकीने विचारलं, माणसं आजारी आहेत का. मी म्हटलं, उलट. तिसरी खिडकी बंद झाली. जेवणाची वेळ झाली होती.

बाकावर बसलो होतो तेव्हा आतल्या टेबलावरच्या एका बाईंनी हाक मारली. टेबलावर पाटी होती, क्षमा, आवक-जावक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नफा, गाद्या, मामा, पेव. मध्ये एकदाही मान वर केली नाही. शेवटी पेन ठेवून त्यांनी विचारलं, “खरंच झोप लागते तिथे?”

“मला सव्वादोन तास लागली, मॅडम.”

“मला दोन वर्षांत दुपारचा डोळा लागलेला नाही.” त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत नव्हता. “तुमच्यासाठी रकाना नाही आमच्याकडे. पण अर्ज द्या. मंजूर कोणी करणार नाही, आणि नामंजूर करायलाही रकाना लागतो. अर्ज घेतला की मी आवकचा शिक्का मारते. तुमच्या सरांना शिक्काच हवाय ना?”

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. नंतर सरांनी तो उजेडात धरून बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “प्रलंबित आहे. म्हणजे नाही म्हटलेलं नाही. उत्तर येईपर्यंत गाद्या मालमत्तेत.” उत्तर आलं की डेपोचं काय, ते त्यांनी फाइलवर पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. मला बघू दिलं नाही.

अर्जाची प्रत खाली जोडली आहे.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
सांगली.

विषय: दुपारी दीड ते चार ही वेळ स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, हरिपूर रस्त्यावरील आमच्या डेपोत दररोज दुपारी दीड ते चार अशी अडीच तासांची वेळ वीस वर्षांहून अधिक काळ विनातक्रार वहिवाटीत आहे. सदर वेळ जागची हलत नाही, सबब ती जंगम मालमत्ता नसून स्थावर आहे. तिच्या चतुःसीमा पुढीलप्रमाणे: पूर्वेस पिठलं-भाकरी, पश्चिमेस चारचा चहा, दक्षिणेस सकाळचे सौदे, उत्तरेस संध्याकाळची हिशेबपट्टी. सदर वेळेवर कोणाचाही बोजा नाही. सहहिस्सेदार सहा असून त्यांपैकी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तथापि झोपेस दोघांची संमती आहे.

तरी सदर वेळेची नोंद डेपोच्या नावे करून तसा उतारा मिळावा, ही विनंती. प्रत्यक्ष पाहणी आवश्यक वाटल्यास ती नमूद वेळेतच करण्यात यावी, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत पाहणी अधिकाऱ्यांना कोणीही, कोणत्याही कारणास्तव, उठवू नये, असे लेखी आदेश व्हावेत.

आपला विश्वासू,
धवल,
पाठवणी व्यवस्थापक (बिगर-वित्त)